डॉजर्सच्या मागोमाग: 1947 च्या हंगामाच्या वाटेने

मंगळवार, जर्सी सिटी

जर्नल स्क्वेअरच्या स्टेशनापासून दोन-चार मिनिटांवर न्यूअर्क अव्हेन्यूवरचा आपल्या लोकांचा बाजार आहे. डोसा, मिठाई, साड्या, पूजेचं सामान, सगळं एका रांगेत. मावसबहीण जवळच राहते, त्यामुळे हा बाजार मला ओळखीचा. पण स्टेशनापाशी जॅकी रॉबिन्सनचा, म्हणजे 1947 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळून बेसबॉलमधली वर्णबंदी मोडणाऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूचा, ब्राँझचा पुतळा उभा आहे, तो या बाजारात येणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी थांबून पाहिला असेल? आज भाच्याला घेऊन तिथूनच सुरुवात केली. तो कॉलेजात बेसबॉल खेळतो. नियम समजावायचे त्याने, तिकिटं आणि वेळापत्रक सांभाळायचं मी, अशी वाटणी झाली आहे.

पुतळा इथे असण्याला कारण आहे. 18 एप्रिल 1946 ला याच गावातल्या रूझवेल्ट स्टेडियममध्ये जॅकी माँट्रियल रॉयल्सकडून पहिला अधिकृत सामना खेळला. रॉयल्स म्हणजे ब्रुकलिन डॉजर्सचा खालच्या फळीतला संघ. त्या दिवशी त्याने चार हिट (बेसवर पोचवणारे फटके) मारले, त्यातला एक होमरन. दोन बेस चोरले (फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठायचा), चार धावा काढल्या. 1880 च्या दशकापासून गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूला घेत नसत. मोठ्या लीगांत तसा लेखी नियम नव्हता, मालकांचं आपसात ठरलेलं होतं, आणि साठ वर्षं ते कुणी मोडलं नाही. रूझवेल्ट स्टेडियम 1985 मध्ये पाडलं, आता तिथे घरं आहेत.

मला या हंगामाची ओढ लागली ती बाळू पालवणकरांमुळे. चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या हिंदू संघाला हवा होता, कारण त्याच्याशिवाय युरोपियनांना हरवणं शक्य नव्हतं. मैदानावर सगळे त्याच्याच हातचा चेंडू झेलत. चहाची वेळ झाली की मात्र त्याचा चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आलेल्या या माणसाला हिंदू संघाचं रीतसर कर्णधारपद कधीच मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. खेळायला चालतो, पंगतीला चालत नाही, हे आपल्याकडे आपण पाहिलेलं आहे. म्हणून डॉजर्सच्या मागोमाग हिंडताना प्रत्येक गावात मी एकच गोष्ट शोधणार आहे: सामना संपल्यावर हा माणूस जेवला कुठे आणि झोपला कुठे?

बुधवार, ब्रुकलिन

माँटेग्यू स्ट्रीटवर 215 नंबरची जुनी इमारत आता नाही. तिथे बँक आहे आणि भिंतीवर एक पाटी. डॉजर्सचं कार्यालय इथे होतं. 28 ऑगस्ट 1945 ला डॉजर्सचे सर्वेसर्वा ब्रँच रिकी यांनी कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघातल्या जॅकीला इथे बोलावून घेतलं. त्याला घेऊन आलेला माणूस होता क्लाइड सुकफर्थ. रिकींनी जवळजवळ तीन तास त्याची परीक्षा पाहिली. हॉटेलचा कारकून, हॉटेलातला वेटर, विरुद्ध संघातला खेळाडू अशी एकेक सोंगं घेऊन त्यांनी त्याला शिव्या घातल्या. उलट हात न उचलता हे सोसशील का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्या सोंगांत हॉटेलचा कारकून आणि वेटर होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. खरी मारामारी कुठे होणार आहे ते रिकींना आधीच कळलेलं होतं.

जॅकी मुळात सोसणारा गडी नव्हता. 1944 मध्ये सैन्यात लेफ्टनंट असताना टेक्सासमधल्या छावणीत बसच्या मागच्या बाजूला जाऊन बसायला त्याने नकार दिला, त्याबद्दल लष्करी खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. अशा माणसाने तोंड शिवून मैदानात उतरायचं कबूल केलं. लोक याला शांत स्वभाव म्हणतात, ते मला पटत नाही. ती रोजच्या रोज स्वतःवर केलेली जबरदस्ती होती.

रिकी साधुसंत नव्हते. संघ जिंकावा आणि गल्ला भरावा, हे दोन्ही हिशेब त्यांच्या डोक्यात होते. कॅन्सस सिटीच्या संघाला त्यांनी जॅकीबद्दल एक पैसाही दिला नाही. 1947 च्या वसंतात फ्लॉरिडातला वर्णभेद टाळायला त्यांनी सराव हवानाला नेला, पण तिथेही डॉजर्स आलिशान हॉटेल नॅसिओनालमध्ये राहिले आणि जॅकी, रॉय कॅम्पनेला, डॉन न्यूकम वगैरे कृष्णवर्णीय खेळाडू गावातल्या एका कळकट हॉटेलात. क्युबात तसा कायदा नव्हता. ही व्यवस्था रिकींचीच, काही गडबड होऊ नये म्हणून केलेली. जॅकी त्यावर चिडला होता आणि त्याचं चिडणं योग्य होतं.

याच सुमारास डॉजर्समधल्या काही, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या खेळाडूंनी जॅकी नको म्हणून अर्ज फिरवायचा घाट घातला. व्यवस्थापक लिओ ड्यूरोशर यांनी पनामात मध्यरात्री सगळ्यांना उठवून मुदपाकखान्यात उभं केलं आणि सांगितलं की हा खेळणार, ज्याला नको असेल त्याने चालू लागावं. केंटकीच्या पी वी रीजने तर आधीच सही नाकारली होती. पुढे हंगाम सुरू व्हायला आठवडाही उरला नसताना ड्यूरोशरवरच वेगळ्या कारणाने वर्षभराची बंदी आली. त्यामुळे पहिल्या दिवशी संघ सांभाळायला उभा राहिला तो सुकफर्थ, जॅकीला रिकींकडे आणणारा. मग बर्ट शॉटन आले, साठी ओलांडलेले, गणवेश न घालता साध्या कपड्यांत बाकावर बसणारे.

दुपारी भुयारी रेल्वेने प्रॉस्पेक्ट पार्कला उतरून एबेट्स फील्डच्या जागेवर गेलो. मैदान 1960 मध्ये पाडलं आणि तिथे उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. भिंतीत एक दगड बसवला आहे, त्यावर एबेट्स फील्डची ही जागा असं कोरलंय. चेंडू खेळायला मनाई असल्याची पाटीही आहे. भाचा तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. त्याने मला बेड्फर्ड अव्हेन्यूची बाजू दाखवली: "मावशी, त्या अंगाला राइट फील्ड. भिंतीपलीकडे मारला की चेंडू थेट रस्त्यावर." एबेट्स फील्ड एप्रिल 1913 मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब न्यू यॉर्कला आले, कोलंबिया विद्यापीठात शिकायला. हे बोटीने आलेले विद्यार्थी आणि ते मैदान यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण या शहरात फिरताना ते साल माझ्या डोक्यातून जात नव्हतं. 1946 मध्ये, म्हणजे जॅकी माँट्रियलकडून खेळत होता त्याच वर्षी, बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अस्पृश्य आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतलं साम्य त्यात त्यांनी मांडलं.

15 एप्रिल 1947. प्रतिस्पर्धी बॉस्टन ब्रेव्ज. 42 नंबर पाठीवर घेऊन जॅकी पहिल्या बेसवर उभा राहिला, जी जागा तो आधी फारशी खेळलेलाच नव्हता. सुमारे 26 हजार प्रेक्षक, त्यांतले निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय असावेत असा तेव्हाचा अंदाज. त्याला एकही हिट मिळाला नाही. सातव्या डावात त्याने बंट टाकला (बॅट हलकेच लावून चेंडू जवळच सोडला), घाईत चेंडू भलतीकडे फेकला गेला, आणि पुढे त्यानेच संघाला पुढे नेणारी धाव काढली. डॉजर्स 5-3 ने जिंकले. त्या दिवसांत तो, त्याची बायको रेचेल आणि काही महिन्यांचा मुलगा मॅनहॅटनच्या मॅकॅल्पिन हॉटेलातल्या एका खोलीत राहत होते. मग बेड्फर्ड-स्टायव्हेसंटमध्ये दुसऱ्याच्या घरातली एक खोली घेतली. त्याचा पगार वर्षाला 5,000 डॉलर, म्हणजे तेव्हाचा किमान.

गुरुवार, फिलाडेल्फिया

न्यूअर्कहून सकाळची गाडी धरली. न्यूअर्क स्टेशनावर थोडा वेळ होता, तेवढ्यात भाच्याला न्यूअर्क ईगल्सची गोष्ट सांगितली. 1946 मध्ये कृष्णवर्णीयांच्या लीगचं अजिंक्यपद या संघाने जिंकलं. एफा मॅन्ली या बाई तो चालवायच्या, आणि बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये निवडल्या गेलेल्या त्या एकमेव बाई. जुलै 1947 मध्ये त्यांचा लॅरी डोबी क्लीव्हलंडकडे गेला आणि अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. (मेजर लीग म्हणजे सर्वांत वरच्या फळीचं बेसबॉल. त्यात दोन लीग, अमेरिकन आणि नॅशनल; डॉजर्स नॅशनलमधले.) एफाबाईंनी निदान त्याचे पैसे वसूल केले. पण त्याच वर्षी ईगल्सचे प्रेक्षक निम्म्यावर आले, लोक सुट्टीच्या दिवशी ब्रुकलिनला जाऊ लागले, आणि 1948 नंतर संघ विकावा लागला. कृष्णवर्णीयांनी स्वतः उभे केलेले संघ, त्यांचे व्यवस्थापक, तिकीट विकणारे, गणवेश शिवणारे, यांच्यापैकी कुणालाही मेजर लीगने आत घेतलं नाही. घेतले ते निवडक खेळाडू.

फिलाडेल्फियात आधी चेस्टनट स्ट्रीटवर गेलो. नवव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर बेंजामिन फ्रँकलिन हॉटेलची भव्य इमारत आहे, आता तिथे लोक भाड्याने राहतात. 9 मे 1947 ला डॉजर्स सामन्यासाठी इथे आले तेव्हा या हॉटेलने संघाला जागा नाकारली. कृष्णवर्णीय खेळाडू असेपर्यंत परत येऊ नका, असंही सांगितलं. पुढे डॉजर्सनी दुसरं, जास्त महागडं हॉटेल धरलं. मी समोरच्या पदपथावरून इमारतीचे मजले मोजत उभी होते. एवढ्या खोल्या आणि एका माणसाला पाठ टेकायला जागा नाही.

मैदान उत्तरेला होतं. ब्रॉड स्ट्रीटखालून जाणाऱ्या मेट्रोने लीहाय अव्हेन्यूपर्यंत गेलो आणि 21 व्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. शाइब पार्क 1976 मध्ये पाडलं गेलं. त्या जागेवर आज एक मोठं चर्च आहे. दारातल्या एका आजोबांनी भाच्याच्या डोक्यावरची डॉजर्सची टोपी पाहून विचारलं, कुठून आलात. जॅकीसाठी आलोय म्हटल्यावर त्यांनी आम्हाला आत नेऊन बसवलं आणि पाणी दिलं. त्यांच्या वडिलांनी त्याला इथे खेळताना पाहिलं होतं. वडील काय सांगायचे असं विचारलं तर म्हणाले, शेजारच्या गोऱ्यांच्या तोंडून येणाऱ्या शिव्या ऐकत ते टाळ्या वाजवायचे, जरा जास्तच जोरात.

फिलीज या इथल्या संघाचं नाव या हंगामात काळ्या अक्षरात लिहिलं गेलं. 22 एप्रिलला ते ब्रुकलिनला आले तेव्हा त्यांचे व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्यांच्या डगआउटमधल्या खेळाडूंनी जॅकीला इतक्या गलिच्छ शिव्या दिल्या की पुढे त्याने स्वतः लिहून ठेवलं, त्या दिवशी आपण कोसळण्याच्या सर्वांत जवळ आलो होतो. बॅट टाकावी, त्यांच्यातल्या एकाला धरून ठोकावं आणि घरी निघून जावं, असं त्याच्या मनात आलं. तो गेला नाही. आठव्या डावात हिट मारला, दुसरा बेस चोरला, तिसऱ्यावर पोचला आणि जीन हर्मान्स्कीच्या हिटवर सामन्यातली एकमेव धाव काढली. 1-0.

त्याच मालिकेत डॉजर्सचा एडी स्टँकी उठला. हा अलाबामात राहणारा, आधी जॅकी नको म्हणणाऱ्यांपैकी. जो उलट बोलू शकत नाही त्याला काय बोलता, हिंमत असेल तर बोलू शकणाऱ्याला बोला, अशा अर्थाचं तो चॅपमनच्या माणसांवर ओरडला. रिकी नंतर म्हणत की संघ एकत्र आणला तो चॅपमनने. मला यात एक गोष्ट खटकते. एका माणसाने एवढं सोसल्यावर मगच बाकीच्यांना तो आपला वाटला.

मे महिन्यात फिलाडेल्फियात जॅकी आणि चॅपमनचा फोटो काढला गेला, एकाच बॅटला धरून, समेट झाल्याचा देखावा. तो फोटो मी अनेकदा पाहिला आहे. हात मिळवलेले नाहीत, मध्ये बॅट आहे. फिलीजनी पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला तो 1957 मध्ये, नॅशनल लीगमध्ये सगळ्यांत शेवटी. शहराने जॅकीबद्दल रीतसर माफी मागितली ती 2016 मध्ये, नगर परिषदेत ठराव करून.

शुक्रवार, रेल्वेत

दिवसभर गाडीत. फिलाडेल्फियाहून पिट्सबर्ग सात-साडेसात तास. आल्टूना सोडल्यावर डोंगराला घोड्याच्या नालेसारखा वळसा घालून गाडी जाते, तेव्हा मागच्या डब्यातून पुढचं इंजिन दिसतं. आपला बोरघाट आठवला. 1947 मध्ये संघ असेच रेल्वेने फिरत. झोपायचे डबे, पत्त्यांचे डाव, जेवणाचा डबा. जॅकी बऱ्याचदा एकटा किंवा वेंडेल स्मिथबरोबर. या स्मिथबद्दल उद्या.

शनिवार, पिट्सबर्ग

फोर्ब्ज फील्डची विटांची भिंत अजून उभी आहे, विद्यापीठाच्या आवारात, वेलींनी झाकलेली. एवढ्या सगळ्या पाडलेल्या मैदानांनंतर हाताला लागणारी खरीखुरी वीट. होम प्लेट पोस्व्हार हॉल नावाच्या इमारतीच्या जमिनीत काचेखाली बसवलेली आहे. विद्यार्थी तिच्यावरून वर्गाला जातात. भाच्याने काचेवर उभं राहून बॅट धरल्यासारखे हात केले. पहारेकरी हसला, त्याला सवय असणार.

17 मे 1947 ला इथे पायरेट्स या इथल्या संघाच्या फ्रिट्झ ऑस्टरम्यूलरने टाकलेला चेंडू जॅकीला लागला. त्याच मालिकेत पहिल्या बेसवर त्याची टक्कर झाली हँक ग्रीनबर्गशी. ग्रीनबर्ग ज्यू, कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षात असलेला नामांकित फलंदाज. डेट्रॉइटकडून खेळताना स्टँडमधून आणि विरुद्ध डगआउटमधून आपल्या धर्मावरून काय काय ऐकावं लागलं हे त्याला पाठ होतं. पुढच्या वेळी जॅकी बेसवर आला तेव्हा ग्रीनबर्गने लागलं तर नाही ना असं विचारलं, धीर दिला, टिकून राहा म्हणाला. विरुद्ध संघातून आलेला तो बहुधा पहिलाच आपुलकीचा शब्द. जॅकीने तो कायम लक्षात ठेवला.

पण पिट्सबर्गला मी आले ते वेंडेल स्मिथसाठी. 'पिट्सबर्ग कुरियर' हे कृष्णवर्णीयांचं वृत्तपत्र देशभर जायचं आणि स्मिथ त्याचा क्रीडा वार्ताहर. रिकींना जॅकीचं नाव सुचवणाऱ्यांत तो होता. 1946 पासून रिकींनी त्याला आठवड्याला 50 डॉलर देऊन जॅकीबरोबर फिरायला ठेवलं. काम काय, तर गावोगावी कृष्णवर्णीय वस्तीतलं घर किंवा हॉटेल शोधणं, जेवणाची सोय पाहणं, गाडी चालवणं आणि रात्री सोबत असणं. 1946 मध्ये फ्लॉरिडातल्या सॅनफर्डमधून जमावाच्या धमकीमुळे जॅकीला काढता पाय घ्यावा लागला, तेव्हाही स्मिथ होताच. हे सगळं करून बातमी लिहायची, आणि तीही प्रेक्षकांत बसून, कारण बेसबॉल वार्ताहरांच्या संघटनेचं कार्ड त्याला 1948 पर्यंत मिळालं नाही. स्मिथ नसता तर जॅकीला रोज रात्री अनोळखी गावात दार ठोठावत फिरावं लागलं असतं. माझ्या मते 1947 चा डॉजर्सचा संघ मोजताना त्याला धरायला हवं.

संध्याकाळी हिल डिस्ट्रिक्टमध्ये फिरलो. जोश गिब्सन आणि सॅचेल पेज यांचे पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स इथले. गिब्सन जानेवारी 1947 मध्ये वारला, वय 35. जॅकी मैदानात उतरायला तेव्हा तीन महिने राहिले होते. रात्रीची बस धरून सिनसिनाटी.

रविवार, सिनसिनाटी

बसमधली झोप, पण पहाटे युनियन टर्मिनल पाहून थकवा गेला. 1933 चं हे स्टेशन म्हणजे अर्धवर्तुळाकार प्रचंड घुमट आणि आतल्या भिंतींवर रंगीत काचतुकड्यांची चित्रं. क्रॉस्ली फील्ड इथून हाकेच्या अंतरावर होतं. मे 1947 मध्ये डॉजर्स आले तेव्हा दक्षिणेतून कृष्णवर्णीय माणसं बायकामुलांसह, ठेवणीतले कपडे घालून, रेल्वेने आली. ओहायो नदीच्या पलीकडे केंटकी. तिथल्या गाड्यांत कायद्यानेच डबे वेगळे. म्हणजे वेगळ्या डब्यातून प्रवास करून, नदी ओलांडून, एकाच मैदानात गोऱ्यांबरोबर खेळणारा आपला माणूस पाहायचा आणि परत त्याच डब्यात बसायचं. आज त्या जागेवर गोदामं आणि कारखाने आहेत, मैदानाची खूण सांगणारी पाटी आहे.

इथल्या हॉटेलात जॅकीला खोली मिळाली. अट होती: जेवण खोलीतच घ्यायचं, बाकीच्यांना त्रास नको. बाळूंचं मातीचं भांडं ते हेच.

पी वी रीजची प्रसिद्ध गोष्ट इथलीच सांगतात. स्टँडमधून शिव्या येत असताना, नदीपलीकडचा हा केंटकीचा मुलगा शॉर्टस्टॉपच्या जागेवरून चालत आला आणि त्याने जॅकीच्या खांद्यावर हात ठेवला. 1947 च्या इथल्या सामन्यांच्या बातम्यांत हा प्रसंग सापडत नाही, आणि जॅकीने स्वतः एकदा तो 1948 चा, बॉस्टनमधला म्हणून सांगितला. गाव आणि साल कुठलंही असो, रीजने अर्जावर सही नाकारली होती आणि तो त्याच्याबरोबर जाहीरपणे पत्ते आणि गोल्फ खेळायचा. रोज सोबत बसणं हे मला खांद्यावरच्या एका हातापेक्षा मोठं वाटतं.

दुपारी नदीकाठच्या नव्या मैदानावर सामना पाहिला, भाच्याचा हट्ट. मैदानावर 42 हा अंक दिसतो. 1997 मध्ये तो सगळ्या संघांसाठी निवृत्त केला गेला, आणि दर 15 एप्रिलला सगळे खेळाडू तोच पाठीवर घालतात. भाच्याने मला दोन्ही संघ दाखवले: डोमिनिकन, व्हेनेझुएलाचे, जपानी. अमेरिकेतले कृष्णवर्णीय खेळाडू हल्ली मेजर लीगमध्ये 6 टक्क्यांच्या आसपास उरले आहेत. 1980 च्या दशकात ते याच्या तिप्पट होते. लहानपणापासून महागडे क्लब, महागडे प्रशिक्षक, दर आठवड्याचा प्रवास. भाच्याच्या खेळावर बहिणीने किती खर्च केला हे मला ठाऊक आहे, त्यामुळे कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

सोमवार, सेंट लुईस

ग्रँड बुलेव्हार्ड आणि डोडियर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर स्पोर्ट्समन्स पार्क होतं. आता तिथे मुलामुलींचा क्लब आणि खेळायचं मैदान आहे. आम्ही गेलो तेव्हा मुलं सराव करत होती. 1944 पर्यंत या मैदानात कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळ्या जागेतच बसवत, आणि मेजर लीगमधलं हे असं शेवटचं मैदान. मे 1947 मध्ये बातमी फुटली की इथले कार्डिनल्सचे खेळाडू जॅकीविरुद्ध संप करायच्या बेतात आहेत. 9 मेच्या 'न्यू यॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मध्ये स्टॅनली वुडवर्डने ती छापली. खेळाडूंनी इन्कार केला, लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांनी संप करणाऱ्यांना निलंबित करण्याची तंबी दिली, आणि संप झाला नाही.

कार्डिनल्स हे आदल्या वर्षीचे विजेते, डॉजर्सचे खरे प्रतिस्पर्धी. 20 ऑगस्टला ब्रुकलिनमध्ये एनॉस स्लॉटरचा खिळ्यांचा बूट जॅकीच्या पायावर पडला. मुद्दाम नव्हतं असं स्लॉटर मरेपर्यंत म्हणत राहिला. जॅकीच्या संघसहकाऱ्यांचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि या वेळी ते त्याच्यासाठी उसळून उठले. एप्रिलमधला संघ आणि ऑगस्टमधला संघ यांतला फरक मला या एका संतापात दिसतो. त्याच महिन्यात डॅन बँकहेड आला, मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पिचर (चेंडू टाकणारा). फलंदाजीला पहिल्यांदा आला आणि होमरन मारला. जॅकीला खोलीत सोबत मिळाली.

सेंट लुईसमध्ये मात्र सोबत मिळूनही हॉटेल मिळत नव्हतं. डॉजर्सच्या हॉटेलाने कृष्णवर्णीय खेळाडूंना 1954 मध्ये पहिल्यांदा आत घेतलं, तेही जेवणघर आणि तरणतलाव वर्ज्य करून. काही सहकाऱ्यांनी अशा अटींवर जायला नको म्हटलं. जॅकी गेला, आणि आत राहूनच त्याने पुढचं मिळवलं. दोन्ही बाजू मला समजतात. पण सात वर्षं! तोवर तो हंगामातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला होता, 1949 मध्ये लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला होता.

मैदानापासून फार लांब नाही असं एक साधं विटांचं घर लॅबडी अव्हेन्यूवर आहे. शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने 1945 मध्ये ते घेतलं, तेव्हा शेजाऱ्यांनी इथली घरं कृष्णवर्णीयांना द्यायची नाहीत असा जुना करार दाखवून त्यांना बाहेर काढायला खटला भरला. 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असे करार न्यायालयं अमलात आणणार नाहीत. घरात लोक राहतात, म्हणून आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं.

बुधवार, पुन्हा ब्रुकलिन

काल विमानाने परत आलो, झोपा काढल्या. आज सकाळी कोनी आयलंड. समुद्रकाठच्या छोट्या मैदानाबाहेर जॅकी आणि रीजचा पुतळा आहे, खांद्यावरच्या त्या हातासकट, 2005 चा. 2013 मध्ये कुणीतरी त्यावर घाणेरड्या शिव्या आणि स्वस्तिक खरडली होती.

हंगामाचा शेवट सांगायचा राहिला. 22 सप्टेंबरला डॉजर्सनी लीग जिंकली, 94 विजय, 60 पराभव. घरच्या मैदानावर वर्षभरात 18,07,526 प्रेक्षक, म्हणजे रिकींचा हिशेब चुकला नाही. जॅकीची सरासरी .297, बेस चोरण्यात लीगमध्ये पहिला, 125 धावा. आधी जॅकी नको म्हणून बदली मागणाऱ्या डिक्सी वॉकरचा हंगामही उत्तम झाला. डिसेंबरात रिकींनी त्याला पिट्सबर्गला धाडलं. वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांच्या अंतिम मालिकेत, यँकीजकडून 3-4 ने हार. चौथ्या सामन्यात यँकीजचा बिल बेव्हन्स नोहिटरपासून (सामनाभर एकही हिट न देणं) एका आउटवर असताना कुकी लॅव्हाजेटोने हिट मारून सामनाच फिरवला, ती गोष्ट भाच्याने मला हातवारे करून दोनदा सांगितली.

दुपारी टिल्डन अव्हेन्यू. 5224 नंबरचं हे दुमजली घर फ्लॅटबुशच्या पूर्व भागात आहे. 1947 ते 1949 रॉबिन्सन कुटुंब इथे वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलं. हॉटेलं, दुसऱ्यांच्या खोल्या, स्मिथने शोधलेल्या जागा, हे सगळं झाल्यावर मिळालेलं स्वतःचं स्वयंपाकघर. वस्ती बहुतेक गोऱ्यांची होती. नंतर ते क्वीन्सला गेले. मग मुलांसाठी गावाबाहेर घर हवं म्हणून रेचेल हिंडली, तेव्हा दलाल घर दाखवायला टाळायचे किंवा ते अचानक विकलं गेलेलं असायचं. शेवटी कनेटिकटमधल्या स्टॅमफर्डला जमीन मिळाली आणि 1955 मध्ये ते तिथे राहायला गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॉजर्सनी यँकीजना हरवून ब्रुकलिनची पहिली आणि एकमेव वर्ल्ड सीरिज जिंकली. बाळू पालवणकर त्याच्या तीन महिने आधी, जुलैमध्ये, वारले.

माझं विमान उद्या रात्रीचं आहे. दुपारपर्यंत मॅनहॅटनमधलं व्हॅरिक स्ट्रीटवरचं जॅकी रॉबिन्सन संग्रहालय पाहून होईल. कॅन्सस सिटीचं निग्रो लीग संग्रहालय या खेपेला जमलं नाही, पुढच्या वर्षी भाचा मला तिथूनच घेऊन जाणार आहे.